थेंबांची वही

ही वही मुळात थेंबांच्या वेळा लिहायला आणली होती. डावं पान आईचं: ठळक अक्षरात वेळा, थेंब टाकला की पुढे बरोबरची खूण. उजवं पान माझं. पहिल्या आठवड्यातलं माझं अक्षर रेघ सोडून खाली घसरत गेलेलं आहे. ते नंतर उतरवून काढलं, आणि पुढे कळलेलं काही त्यात घातलं.

*

उजवा मायनस साडेचार, डावा मायनस पावणेपाच. चष्मा चौथीत लागला, आता वय एकतीस. दोन वर्षं नंबर हललेला नाही, म्हणून डॉक्टर चष्मा घालवायच्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या. काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला रफार, हरवलेला अनुस्वार. माझं पोट डोळ्यांवर चालतं, त्यामुळे निर्णयाला तीन वर्षं लागली.

मावसभावाने डिसेंबरात लेसिक करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला, "ताई, गॅलरीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचतोय, चष्मा न लावता!" तोच आवाज कानात घेऊन मी तपासणीला गेले. तिथे कळलं की माझा कॉर्निया पातळ आहे, ४९० मायक्रॉनच्या आसपास. बहुतेकांचा मधोमध ५४०च्या जवळ असतो. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यात पापुद्रा कापणार नाही. पीआरके करू. शेवटी तुम्हाला आणि तुमच्या भावाला सारखंच दिसेल. तुम्हाला थांबावं मात्र लागेल."

किती थांबावं लागेल, हे मी तेव्हा नीट विचारलं नाही.

*

दोन्ही पद्धतींतला फरक मला कागदावरून समजला. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या पारपटलाचा, वरचा शंभर-एकशेवीस मायक्रॉनचा पापुद्रा कापतात आणि पान उलटावं तसा एका कडेवर उलटून ठेवतात. खाली लेसर चालवतात. मग पान परत जागेवर. शंभर मायक्रॉन ही आपल्या साध्या प्रुफाच्या कागदाची जाडी.

पीआरकेत पान नसतंच. वरची पन्नासेक मायक्रॉनची साल पुसून काढतात, उघड्या पृष्ठभागावर लेसर चालवतात. साल पुन्हा उगवायची ती डोळ्यानेच. भावाची जखम पानाखाली झाकलेली होती, माझी उघडी. सगळा फरक तेवढाच, आणि तो फार मोठा.

एका नंबरामागे साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन खर्ची पडतात. माझे एका डोळ्याचे मिळून साठ-सत्तर, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतके. बावीस वर्षांचा चष्मा एवढ्यात मावत होता.

*

शस्त्रक्रियेचा दिवस, संक्रांतीनंतरचा गुरुवार. मॉइश्चरायझर नाही, अत्तर नाही, डोळ्यांना काजळ तर आठवडाभर नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मी तीन आठवडे आधीच बंद केल्या होत्या. लेन्सने कॉर्नियाचा आकार किंचित बदलतो आणि मापं चुकतात, म्हणून.

सुन्न करणारे थेंब. पापण्या उघड्या धरणारी तारेची कमान. वर लुकलुकणारा दिवा, त्याच्याकडे बघत राहायचं. एका डोळ्याला लेसर मिनिटभरही चालला नसेल. टकटक आवाज, केस जळल्यासारखा वास. दुखलं नाही. मग गार पाणी आणि वर बिननंबरी मऊ लेन्स, पट्टी म्हणून. उठून बसले तर भिंतीवरचं घड्याळ दिसलं. पाच वाजून वीस मिनिटं. धुक्यातून दिसलं, पण चष्म्याशिवाय दिसलं.

रिक्षात आईला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होते. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, आजचं दिसणं धरून बसू नका. ते मी ऐकलं नाही.

*

रात्र. दोन तासांत सुन्नपणा उतरला. दोन्ही डोळ्यांत एकदम रेती आणि मिरची. पाणी गालावरून कानात जातंय. खोलीला जाड पडदे लावले, तरी दाराखालच्या फटीतला उजेड टोचतो. मोबाइलचा पडदा उजळला की मान आपोआप वळते.

कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत दाट मज्जातंतूंच्या जागांपैकी एक. धुळीचा एक कण गेला तरी माणूस जागेवर थांबतो, ते यामुळेच. इथे तर त्या टोकांवरची सालच काढलेली आहे.

*

शुक्रवार आणि शनिवार, या दोन दिवसांबद्दल लोक कमी बोलतात म्हणून मी जास्त लिहिते. पीआरकेची वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. गोळ्या मिळतात, त्यांनी धार जाते, ठसठस राहते. झोप हाच उतारा. उशाला बर्फाच्या पाण्यात पिळलेला रुमाल कपाळासाठी, डोळ्यांवर नाही. झोपताना दोन्ही डोळ्यांवर भोकं असलेली प्लास्टिकची पारदर्शक ढाल, चिकटपट्टीने लावलेली. झोपेत हात जातोच, त्यासाठी.

शनिवारी रात्री मी बाबांना म्हटलं, ते सुन्न करणारे थेंब आणा, एकदाच टाकते. बाबांनी फोन लावला. डॉक्टरांचं उत्तर आईने डाव्या पानावर चौकटीत लिहून ठेवलंय: "अजिबात नाही. ते थेंब साल भरू देत नाहीत. वारंवार टाकले तर कॉर्निया कायमचा बिघडतो." औषधाच्या दुकानातून कुणी ओळखीने आणून देईल, घेऊ नका. वेदना दोन दिवसांची असते, डोळा जन्माचा.

आईने गजर लावून थेंब टाकले. प्रतिजैविकाचे, स्टेरॉइडचे, आणि ओलाव्याचे सारखे. एक थेंब टाकला की दुसऱ्या बाटलीला पाच मिनिटांनी हात, नाहीतर पहिला वाहून जातो. खालची पापणी ओढून त्या खिशात थेंब सोडायचा, बाटलीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही. पहाटेच्या गजराला ती माझ्याआधी उठलेली असायची.

*

आजी गुलाबपाणी घेऊन आली. तिच्या लहानपणी डोळे आले की मध घालत, तेही सांगितलं. "गार पडंल, बाळा." तिची बाटली देवघराजवळ ठेवली आणि तिला सांगितलं, आजी, आत्ता डोळ्यात डॉक्टरांच्या थेंबांखेरीज पाणीसुद्धा जाऊ द्यायचं नाही. ती रागावली नाही. माझ्या पायांना तेल लावत बसली. ते मात्र खरंच गार पडलं.

पहिला आठवडा केस धुतले नाहीत. तोंड ओल्या रुमालाने पुसलं. स्वयंपाकघरात फोडणी पडणार असली की आई आधी हाक मारून सांगायची आणि मी खोलीचं दार लावून घ्यायचे.

*

रविवार, चौथा दिवस. दुखणं अर्ध्यावर आलं, आणि दिसणं गुरुवारपेक्षा वाईट झालं. घड्याळाचे काटे जाड आणि दुहेरी. मी घाबरले. सगळं बिघडलं असं वाटून रडले, आणि रडल्याने डोळ्यांचं काही नुकसान होईल का म्हणून आणखी घाबरले.

कारण नंतर कळलं. साल कडेने मधे उगवत येते, सगळ्या बाजूंनी एकदम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मधोमध भेटते, आणि भेटते तिथे एक उंचवटा उठतो, अगदी बाहुलीसमोर. नजर त्यातून जाते म्हणून धूसर. तो बसायला दिवस, पूर्ण सपाट व्हायला आठवडे लागतात. म्हणजे मला वाईट दिसत होतं ते जखम भरत होती म्हणून. ही एक गोष्ट आधी माहीत असती तर तो रविवार असा गेला नसता. पीआरके करणाऱ्या प्रत्येकाला ती आधी सांगितली जावी असं माझं ठाम मत आहे.

*

या शस्त्रक्रियेमागचं एक नाव आपण लक्षात ठेवायला हवं: रंगास्वामी श्रीनिवासन. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले, आयबीएमच्या संशोधनशाळेत काम करणारे. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या टर्कीचे उरलेले तुकडे त्यांनी प्रयोगशाळेत नेले आणि त्यांवर एक्सायमर लेसर चालवला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील प्रकाश. कडा सुरीने घ्यावी तशी स्वच्छ निघाली आणि आजूबाजूचा भाग करपला नाही. हा प्रकाश रेणूंमधले बंधच तोडतो, शेजारच्या पेशींपर्यंत उष्णता पोचत नाही. जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. पुढे १९८३मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे कॉर्नियासाठी वापरता येईल हे दाखवून दिलं.

आणि १९८८. डॉ. मार्गरीट मॅक्डोनल्ड यांनी माणसाच्या दृष्टी असलेल्या डोळ्यावर पहिलं पीआरके केलं, ते एका कर्करोग झालेल्या बाईच्या डोळ्यावर. तिचा तो डोळा चांगला पाहत होता, पण आजारामुळे काढावाच लागणार होता. काढण्याआधी त्यावर हे करून बघा, असं तिने स्वतः होऊन सांगितलं. काळोख्या खोलीत पडून मी तिचा पुष्कळ विचार केला. तिला यातून काहीच मिळणार नव्हतं. आज मी चष्म्याशिवाय लिहितेय त्यात तिचा वाटा आहे.

*

मंगळवार. लेन्स काढली. निघताना काहीच जाणवलं नाही, मग तासभर चुरचुर. समोर मराठी अक्षरांचा तक्ता. ६/१८. म्हणजे निकोप डोळा जे अठरा मीटरवरून वाचतो ते मी सहावरून. डॉक्टर खूश, मी नाही.

*

भावाचं आणि माझं एकदम सांगायचं तर: त्याला दुसऱ्या दिवशी ६/६, मला दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस. त्याला पहिली रात्र पाच-सहा तास खुपलं आणि संपलं. त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात मात्र लाल डाग उमटले होते. डोळा धरून ठेवणाऱ्या कड्याच्या दाबाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. बघणारे दचकतात, पण दोनेक आठवड्यांत ते आपोआप विरतात.

त्याचा त्रास वेगळ्या दाराने आला, कोरडेपणाच्या. पापुद्रा कापताना कॉर्नियाचे मज्जातंतूही कापले जातात. डोळा कोरडा पडलाय हा निरोप मेंदूला देणारे तेच. निरोप जात नाही, अश्रू कमी येतात, पापणी कमी मिटते. तंतू पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष जातं. तो दिवसभर वातानुकूलित ऑफिसात संगणकासमोर. स्क्रीनकडे बघताना पापणी तशीही निम्म्यानेच मिटते. मार्चमध्ये भेटला तेव्हा खिशात ओलाव्याच्या थेंबांच्या छोट्या कुप्या होत्या, दर दोन तासांनी एक. दुसऱ्या दिवशी पाटी वाचणारा म्हणून मी ज्याचा हेवा केला, तोही बरा होतच होता. फक्त बाहेरून दिसत नव्हतं.

मला नाही अशी एक काळजी त्याला आहे: ते पान पूर्वीइतकं घट्ट कधीच चिकटत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकतं. तो कबड्डी खेळायचा. सोडली. लेसर करण्याआधी हे विचारायला हवं, आणि पोलीस, सैन्य, रेल्वे यांच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर त्या त्या जागेची वैद्यकीय अट आधी वाचावी. काही जागांना ही शस्त्रक्रिया चालत नाही.

*

तिसरा आठवडा. घरी पहिलं प्रूफ मागवलं, एका कादंबरीची सोळा पानं.

अनुस्वार दोन दिसतात. एक खरा, एक त्याच्या उजवीकडे किंचित वर, फिकट. शिरोरेघेला खाली सावली. घ की ध, भ की म, थ की य, थांबून बघावं लागतं. देवनागरीत सगळा फरक शिरोरेघेच्या त्या बारीक खंडात असतो आणि तोच भरून गेल्यासारखा. एरवी ही पानं तासाभराची. अडीच तास लागले आणि डोकं धरलं. पानं परत केली, "पंधरा दिवस द्या" म्हणून चिठ्ठी लिहिली.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी दहा वाजता, खिडकीशी, त्याच कादंबरीचं तेच पान धरून दुसऱ्या अनुस्वाराची नोंद करायला लागले. सकाळी जास्त, दुपारी कमी. वारा असला की जास्त. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं नाहीच. तो एकदम गेला नाही. फिकट होत होत एकेचाळिसाव्या दिवशी शोधूनही सापडला नाही.

*

मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथल्या सल्लागार बाईंनी तपासणीआधीच सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी करा, सोमवारी कामावर जा." कुठली शस्त्रक्रिया, कॉर्निया किती जाड, काम काय, काही न विचारता. हे चूक आहे. बारीक वाचणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला, शिवणकाम करणाऱ्याला पीआरकेनंतर दोन ते तीन आठवडे हाताशी ठेवावेच लागतात. रजेचा अर्ज त्या हिशेबाने करावा.

*

रात्री दुचाकी पहिल्यांदा चालवली ती सहाव्या आठवड्यात, कर्वे रस्त्यावर, बाबा मागे. समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती खळं. पावसाळ्यात चंद्राला पडतं तसं. सिग्नलचा लाल दिवा काटेरी. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसर फिरलेल्या भागाच्या कडेचा प्रकाशही आत येतो, म्हणून. अर्ध्या वाटेत गाडी बाबांना दिली. एप्रिलपर्यंत खळी आकसली. आता उरलीत ती शोधली तरच दिसतात. काहींची पूर्ण जात नाहीत, हेही खरं.

*

स्टेरॉइडचे थेंब पीआरकेनंतर लवकर सुटत नाहीत. माझे तीन महिने चालले: दिवसातून चार, मग तीन, दोन, एक. मधेच तोडायचे नाहीत, कारण भरणाऱ्या थरात धुरकट डाग धरू शकतो. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने वाढवायचेही नाहीत, कारण काहींच्या डोळ्यातला दाब त्याने वाढतो, आणि वाढलेला दाब दुखत नाही, कळत नाही. म्हणून दर भेटीत दाब मोजतात. "छान दिसतंय, कशाला जायचं" म्हणून ती भेट चुकवू नये.

ऊन हाही त्या डागाचा साथीदार. पहिले सहा महिने अतिनील किरण अडवणारा गॉगल, टोपी, ढगाळ दिवशीही. मार्चमध्ये रंगपंचमी आली. सोसायटीत मुलं दारात उभी. मी गॅलरीतून पाणी ओतलं, खाली उतरले नाही. पोहण्याचा तलाव महिनाभर बंद, तो मी उन्हाळाभर बंदच ठेवला.

*

फोन न करता थेट दवाखाना गाठायची लक्षणं, आईच्या पानावरून जशीच्या तशी: कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं. एका डोळ्याचं दिसणं अचानक पडणं. घट्ट पू. लाली वाढत जाणं. पट्टीची लेन्स निघून पडणं. डोळ्यावर मार. यातल्या कशालाही "उद्या बघू" नाही.

*

बाबांचा नंबर मायनस तीन. साठीतही पेपर वाचताना चष्मा कपाळावर चढवतात आणि बारीक जाहिरातीसुद्धा वाचतात. आईला दूरचं स्वच्छ, तिच्या नाकावर चाळिशी. मला हे आत्ता कळतंय की लेसरने मी बाबांच्या गटातून आईच्या गटात आले. डोळ्याच्या आतलं भिंग वयाने ताठर होतं, त्याला लेसर हात लावत नाही. चाळिशी मला लागणार, आणि चष्मा काढून जवळचं वाचायची बाबांची सोय मला नसणार. माझ्या धंद्यात हा तोटा लहान नाही. तरी मी हेच केलं असतं, पण माहीत असून केलं असतं.

*

आणखी एक. नंबर गेला, डोळा बदलला नाही. निकोप डोळ्याची लांबी साधारण २४ मिलीमीटर. मायनस नंबरवाल्याचा डोळा त्याहून लांब, आणि म्हणून आतला पडदा ताणलेला. लेसर समोरची काच घासतो, मागची लांबी तीच राहते. पडद्याला भोक पडण्याचा, तो सुटण्याचा धोका चष्मेवाल्याइतकाच उरतो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी जायचं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. चष्म्याच्या दुकानात जाणं थांबलं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं थांबवायचं नाही.

*

सहावा महिना. दोन्ही डोळे ६/६. सकाळी हात अजून उशाशी जातो.

*

शेवटच्या भेटीत डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेआधीची सगळी मापं मागून घेतली: दोन्ही डोळ्यांचा जुना नंबर, कॉर्नियाची जाडी, त्याची वक्रता, लेसरने किती काढलं. पुढे कधीतरी मोतीबिंदू होईल तेव्हा आत कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं हे कॉर्नियाच्या वक्रतेवरून ठरवतात. आपली वक्रता लेसरने बदललेली असते, नेहमीचं गणित चुकू शकतं, आणि तेव्हा हे जुने कागद कामाला येतात. तीस वर्षांनी ते दवाखान्यात सापडतील याच्या भरवशावर राहू नये. माझे कागद या वहीसोबत, जन्मदाखल्याच्या पिशवीत, आईच्या कपाटात आहेत. तुम्ही लेसर करून घेतलं असेल तर तुमचे आजच मागून ठेवा.